सिंगल बेलला पळायचं

भूत नसतं, हे उमरखेडात कुणाला पटवून घ्यायचं असेल तर लोक त्याला भीमराज पाईकरावांच्या घरी पाठवत. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर तरी स्वस्थ बसावा की नाही? पण नाही. पिशवीत हळद, चुना, दोन काचेचे ग्लास आणि कवटीचं चित्र काढलेली एक जुनी पाटी घेऊन ते गावोगावच्या शाळांतून हिंडत. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी ओतून पोरांसमोर लालभडक 'रक्त' करून दाखवत, आणि मग टेबलावर हात आपटून विचारत, "कोनं पाह्यलं भूत? त्यानं हात वर करावा!" एखाद्या पोराने केलाच हात वर, तर त्याला पुढे बोलावून असे काही उलटसुलट प्रश्न विचारत की बिचाऱ्याला आपण शाळेत आहोत की पोलीस ठाण्यात, तेच कळेनासं व्हायचं.

हात कायमचा वर असलेला माणूस साऱ्या तालुक्यात एकच, आणि तो नेमका त्यांचा जिवलग. रूपसिंग आडे, निवृत्त ड्रायव्हर. दोघांनी वर्षानुवर्षं एकाच गाडीवर ड्युटी केलेली. पुसदच्या घाटातल्या एका वळणावर रूपसिंगांना एकदा पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसली होती आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला होता. भीमराज खाली उतरून बॅटरी घेऊन गेले, तर बाभळीला अडकलेली खताची पांढरी गोणी. ती गोणी त्यांनी गाडीत आणून सगळ्या प्रवाशांना दाखवली. तेव्हापासून रूपसिंग दारात दिसले की भीमराजांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय गा डायवर, तुही गोनी काय म्हन्ते?" रूपसिंग हसून सोडून देत. पण बाई होती, गोणी नंतर आली, हे त्यांचं म्हणणं त्यांनी काही सोडलं नव्हतं.

अशा या निडर माणसाला गेल्या काही महिन्यांपासून एका गोष्टीची धास्ती लागली होती, आणि ती गोष्ट म्हणजे त्यांची स्वतःची सून.

उर्वशी घाटंजीची. उन्हाळ्यात लग्न झालं. राजदीप, म्हणजे भीमराजांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कंपनीत. तो मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा. वेगळी खोली मिळाली की उर्वशीला घेऊन जाणार, तोवर ती इथे सासू-सासऱ्यांजवळ. पोरगी सालस. चहा वेळेवर, भाजीत मीठ बेताचं, बोलणं मात्र मिठाहूनही बेताचं. "हो बाबा." "नाही बाबा." "ठीक हाय बाबा." याच्यापलीकडे चौथं वाक्य भीमराजांनी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. लग्नाच्या मांडवात त्यांनी माईक हातात घेऊन, आम्हाले पोरगी नव्हती, आज पोरगी आली, असं चार लोकांसमोर सांगितलं होतं. माईकवरून बोललेलं घरात खरं करून दाखवणं किती अवघड असतं, ते आता कळत होतं.

आयुष्यभर त्यांनी माणसं गाडीत चढवली आणि उतरवली. उतरणारा माणूस कंडक्टरकडे वळून पाहत नाही. त्यात त्याचं काही चुकतही नाही, त्याचं गाव आलेलं असतं. ही पोरगीही अशीच एक दिवस उतरून जाणार आणि पुढे जन्मभर फोनवर "हो बाबा" म्हणत राहणार, या विचाराने भीमराजांचा जीव कासावीस होई. शेवटी त्यांनी बायकोजवळ मन मोकळं केलं.

रुखमाबाईंनी तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "तुम्ही तिच्यासंग बोलता कुठं? नुसतं तिकीट फाडता. कुठं चालली, कवा येशीन, जेवली का. पॅसेंजर तरी याच्याहून जास्त काय बोलंन?"

"मंग काय बोलू?"

"ते मी सांगू का? साऱ्या जिल्ह्याले भाषण देता न तुम्ही!" असं म्हणून रुखमाबाई पुन्हा तांदळात डोकं घालून बसल्या.

वर्षावासाचे, म्हणजे बौद्धांच्या पावसाळी ग्रंथपठणाचे दिवस होते. दुपारी बायका विहारात ग्रंथवाचनाला जमत आणि रुखमाबाईंचा तिथला पुढचा बसकर ठरलेला असे. त्या गेल्या की घरात दोघंच उरत, सून आतल्या खोलीत आणि सासरा बाहेर खाटेवर, मध्ये एक पडदा. अशाच एका दुपारी भीमराज पेपर तोंडावर घेऊन पडले होते आणि आतून हसू ऐकू आलं. हसू म्हणजे गालातल्या गालातलं नव्हे. खळखळून, मध्येच श्वास अडकून पुन्हा उसळणारं. भीमराज उठून बसले. आपल्या घरात हा आवाज आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते पडद्याजवळ गेले आणि शिष्टाचार म्हणून खाकरले. हसू तिथल्या तिथे थांबलं, लॅपटॉप मिटल्याचा खट्‌ आवाज आला आणि पाठोपाठ, "चहा ठेवू का बाबा?"

आपण खाकरलो नसतो तर बरं झालं असतं, असं मनात म्हणत भीमराजांनी तो चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी धीर केला. पडद्याबाहेरूनच विचारलं, "काल कायले हासून राह्यलती वं पोरी?"

मग उर्वशी पडदा सारून बाहेर आली आणि चोरी पकडली गेल्यासारखी खाली बघत म्हणाली, "गेम खेळून राह्यलती बाबा."

"कायचा गेम?"

"भुताचा."

आता आली का पंचाईत! ज्या माणसाने भुतांना जिल्ह्यातून हद्दपार केलं, त्याच्याच घरात, त्याच्याच सुनेच्या मांडीवर भुतं नांदत होती. उर्वशीचा चेहरा इतका उतरला होता की भीमराजांच्या तोंडावर आलेलं भाषण त्यांनी तिथेच गिळलं.

"म्हन्जे विषय आपलाच हाय," ते म्हणाले. "दाखव बरं. अभ्यास म्हनून पाहू."

अभ्यास म्हणून त्यांनी चष्मा पुसला, अभ्यास म्हणून खुर्ची ओढली, आणि लॅपटॉपसमोर ताठ बसले. गेमचं नाव होतं 'चुडैल लॉज'. कुठल्याशा चार मित्रांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून तो बनवला होता, त्यामुळे त्यातली भुतंही जरा घरगुतीच होती. खेळणारा माणूस त्या लॉजचा नवा मॅनेजर. गिऱ्हाईक सगळं मेलेलं. एका मोठ्या खेळाच्या पोटात लहान लहान खेळ, आणि एकेक पार केला की लॉजचा पुढचा मजला उघडतो. एका खेळात मुंडकी हरवलेल्या पाहुण्यांना ज्याचं त्याला मुंडकं शोधून द्यायचं. एकात चुडैलीचे केस न ओढता विंचरायचे, ओढले की ती कानाखाली वाजवणार. एकात स्वागताच्या खिडकीत बसून भुतांना आत घ्यायचं आणि चोरून शिरणाऱ्या जिवंत माणसांना बाहेर काढायचं, कारण जिवंत माणूस दिसला की सगळी भुतं घाबरून लॉज सोडून पळत.

भीमराज आधी खिडकीत बसले. पहिला आला तो भूत. त्याला आत घेतलं. दुसरा आला तो चांगला सावली पडणारा, घामाघूम झालेला जिवंत माणूस. त्यालाही आत घेतलं.

"बाबा, त्याले नाही घ्यायचं," उर्वशी हळूच म्हणाली.

"काहून? जागा हाय न आतमधी?"

"जागा हाय, पन तो जित्ता हाय."

"जित्ता असो का मेलेला, जागा असताना पॅसेंजर सोडाचा नसते," भीमराज म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन जिवंत माणसं आत घेतली. लॉजमध्ये हाहाकार उडाला. भुतं खिडक्यांतून उड्या टाकू लागली. उर्वशीने ओढणीचा बोळा तोंडावर धरला. भीमराजांनी तो तिरप्या नजरेने पाहिला आणि त्यांना हरल्याचं यत्किंचितही वाईट वाटलं नाही.

मुंडक्यांचा खेळ त्यांना झकास जमला. कोण कुठे उतरणार आणि कुणाचं सामान कोणतं, हे लक्षात ठेवण्यात आयुष्य गेलेलं. चुडैलीच्या तीन-चार थपडा खाऊन केसांचाही पार पाडला. मधूनमधून टीका चालूच होती, "ज्याले पाय नाही तो पायऱ्या चढते कसा? हे शास्त्रीय नाही." आणि मग आला मालकिणीचा बोळ.

लांबच लांब अंधारा बोळ, शेवटाला एक कपाट. लॉजची मालकीण, मरून शंभर वर्षं झालेली, हातात चप्पल घेऊन मॅनेजरला शोधत फिरते. तिच्या कमरेला घंटा. उर्वशीने नियम समजावून सांगितले. घंटा एकदा वाजली की मालकीण मागे लागली, तेव्हा जिवाच्या आकांताने पळायचं आणि कपाटात लपायचं. घंटा दोनदा वाजली की ती अगदी बाजूने चालली आहे, तेव्हा जागेवर उभं राहायचं, कोणत्याच बटणाला हात लावायचा नाही, श्वाससुद्धा घ्यायचा नाही.

"एवढंच न?" भीमराज म्हणाले.

ते बोळातून निघाले. टिंग. घंटा एकदा वाजली आणि भीमराज जागच्या जागी थांबले. असे थांबले की बटणावरचं बोटही हवेत राहिलं. पुढच्याच क्षणी सगळा पडदा व्यापून ती बया आली, सुळे बाहेर, डोळे गरगरीत, आणि तिने चप्पल हाणली.

"अवं माय वं! मेलो, मेलो, मेलो!"

हा आवाज डेपोच्या पेट्रोलपंपापर्यंत गेला म्हणतात. थोडं वाढवून सांगत असतील, पण रूपसिंगांपर्यंत तो निश्चित गेला. ते चार वाजेच्या चहाला येतच होते. म्हातारा पडला की काय, या भीतीने ते एकाच पायात चप्पल घालून धावत आत आले, तर भीमराज खुर्चीच्या पाठीला चिकटलेले, सून जमिनीवर बसून पोट धरलेली, आणि पडद्यावर दात विचकणारी मालकीण. रूपसिंगांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग खाटेवर ऐसपैस बसले आणि अतिशय प्रेमाने विचारलं, "गोनी व्हय का गा ते?"

एवढ्या वर्षांचं उसनं त्यांनी एका वाक्यात फेडून टाकलं.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी डेपोच्या कँटीनमध्ये बातमी भीमराजांच्या आधी पोचली होती. मेकॅनिकपासून कंट्रोलरपर्यंत प्रत्येकजण "मेलो, मेलो" करत चहा ढोसत होता. शेजारच्या गावच्या शाळेत व्याख्यानाला गेले, तर नेहमीप्रमाणे टेबलावर हात आपटल्यावर मागच्या बाकावरून एक पोरगी उठली आणि म्हणाली, "सर, तुम्ही कॉम्प्युटरमधल्या भुताले भेता म्हन्ते. खरं हाय का?" सगळा वर्ग खिदळला. गुरुजींनीही खिडकीकडे तोंड केलं. भीमराज ग्लास खाली ठेवून म्हणाले, "बेटा, भूत नसते. भेव मात्र असते. मले लागलं होतं."

घरी आल्यावर त्यांनी हे उर्वशीला जसंच्या तसं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं. ती भाजी चिरत होती. तिचा हात थांबला. "अन मंग पोरं काय म्हनले बाबा?" तिने विचारलं.

बाहेरच्या खाटेकडे निघालेले भीमराज मध्येच थांबले. सून आपल्याला प्रश्न विचारते आहे, हे ध्यानात यायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी सगळी हकीगत पुन्हा पहिल्यापासून सांगितली, थोडी मीठमिरची लावून.

त्या दिवसापासून दुपारचा बेत ठरूनच गेला. रुखमाबाई विहारात, आणि सासरा-सून चुडैल लॉजमध्ये. अब्रू तर गेलीच होती, आता तिचा पाठलाग करण्यात अर्थ नव्हता. बाकी सगळे मजले उघडले, पण बोळ काही पार होईना. टिंग झालं की भीमराज थांबत आणि चप्पल खात. टिंग-टिंग झालं की बेधडक चालू पडत आणि पुन्हा चप्पल खात. नियम तोंडपाठ होता. विचारलं तर झोपेतून उठून सांगितला असता. पण घंटा वाजली की अंगात दुसराच कुणी शिरे.

एके दिवशी रूपसिंग म्हणाले, "सरक बाजूले. तुले गाडी चालवता येत नाही, बोळ काय चालवशीन?" आणि ते खुर्चीवर बसले. उर्वशी शेजारी खाली बसली होती. टिंग झालं. रूपसिंगांचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर खच्चून दाबला गेला, अगदी गुडघा ताठ होईपर्यंत, आणि बोळातला मॅनेजर जागच्या जागी उभा. मालकीण आली. "याडी!" म्हणून रूपसिंगांनी आपल्या गोरबोलीत आईचा धावा केला आणि चप्पल खाल्ली.

उर्वशी त्या पायाकडे बघत राहिली. मग तिने सासऱ्यांकडे पाहिलं, पुन्हा पायाकडे पाहिलं.

"बाबा," ती हळूहळू म्हणाली, "गाडीमधी सिंगल बेल म्हन्जे काय असते?"

"थांबा," दोघे एकदम म्हणाले.

"अन डबल?"

"चला!"

आणि मग ती जी हसायला लागली, ती खाटेचा पाय धरून. बोलायला जाई, शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत बसले. जन्मभर ज्या दोरीच्या इशाऱ्यावर हजारो माणसं सुखरूप घरी पोचवली, तीच दोरी आता त्यांना रोज चप्पल खायला लावत होती. मग हळूहळू त्यांनाही हसू फुटलं, आणि विहारातून परतलेल्या रुखमाबाईंना दारातच कळेना की घरात काय पेटलंय.

"आता सांगते मी," उर्वशी उठून उभी राहिली. "तुम्ही खेळा, मी ओरडते." भीमराज बसले. टिंग झालं आणि मागून सुनेचा आवाज कडाडला, "बाबा, पळा न! थांबून काय राह्यले! पळा म्हन्ते न मी तुम्हाले! अरे देवा, पळा न बाबा!"

भीमराज पळाले नाहीत. चप्पलही खाल्ली. पण सुनेने आपल्याला रागावलं, भर घरात, बायकोसमोर आणि मित्रासमोर, या आनंदात ते इतके बुडाले होते की त्यांना मालकीण दिसलीच नाही. निरोपसमारंभात डेपोने शाल घातली होती, तेव्हाही छाती अशी भरून आली नव्हती.

"माय! लय बोलाले लागली वं तू," रुखमाबाई कौतुकाने म्हणाल्या. मग पडद्याकडे बघत, "अन त्या बाईच्या केसाले तेल तरी लावा कोनी."

उर्वशी बोलू लागली ती अशी. घाटंजीच्या आठवडी बाजारात आजीबरोबर हरवली होती ते, बारावीला पळून जाऊन सिनेमा पाहिला होता ते, पुण्याची भीती वाटते तेही. "पळते म्हनलं तं कुठं पळाचं बाबा, एवढ्या मोठ्या गावात?" तिने एकदा विचारलं. भीमराज चष्मा पुसत बसले. भाषणात कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

आणि मग राजदीपचा फोन आला. खोली मिळाली होती. आश्विन पौर्णिमा झाली की दोन दिवसांनी तो घ्यायला येणार होता.

काय झालं कुणास ठाऊक, पण त्या फोनने घरात पुन्हा जुना पडदा ओढला. उर्वशी बांधाबांधीला लागली. लॅपटॉप पिशवीत गेला. दुपारी रूपसिंग आले तरी खेळाचं नाव कुणी काढेना. भीमराजांना खूप काही बोलायचं होतं आणि तोंड उघडलं की एकच येई. "रिझर्वेशन झालं का?" "हो बाबा." "जेवन बांधून घेशीन का?" "हो बाबा." "चार्जर घेतला का?" "घेतला बाबा." रात्री रुखमाबाई म्हणाल्या, "झालं का तुमचं तिकीट फाडनं सुरू?" भीमराज कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना रडू येत होतं, आणि ते बायकोला कळलं आहे हेही त्यांना कळत होतं.

जायच्या दिवशी सगळे स्टँडवर आले. नांदेडची गाडी फलाटाला लागलेली. तिथून रात्रीची रेल्वे. राजदीप बॅगा वर ठेवत होता. उर्वशीने सासूच्या गळ्यात पडून डोळे पुसले, मग सासऱ्यांच्या पाया पडली. "येते बाबा," ती म्हणाली. एवढे दिवस भीमराजांनी कितीतरी वाक्यं मनात घोळवली होती. बाहेर पडलं ते असं, "खिडकीतून हात बाह्यर काढू नको."

"हो बाबा," उर्वशी म्हणाली आणि चढली.

कंडक्टर बाईंनी दार लावलं. टिंग-टिंग. गाडी हलली, फलाटावरून मागे आली, वळली, आणि फाटकाच्या दिशेने निघाली. भीमराज बघत उभे राहिले. झालं. उतरलं आपलं पॅसेंजर.

टिंग.

एकच बेल. फाटकाजवळ गाडी गचकन थांबली. आतून कंडक्टर बाईंचा ओरडा ऐकू आला, "ओ ताई, दोरीले हात कायले लावून राह्यल्या तुम्ही? प्याशिंजरनं बेल वाजवाची नसते!" इकडे भीमराजांनी काय करावं? सिंगल बेल झाली होती. ते सवयीने जागच्या जागी खांबासारखे उभे राहिले.

खिडकीतून एक हात बाहेर आला. काढू नको म्हणून सांगितलेला तोच हात. पाठोपाठ डोकं आलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा आवाज, "बाबा! सिंगल बेल झाली न! थांबून काय राह्यले? पळा न बाबा!"

आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे व्याख्याते, उमरखेड डेपोचे निवृत्त वाहक भीमराज पाईकराव, धोतर नसल्याबद्दल मनोमन पँटचे आभार मानत, भर स्टँडवर पळत सुटले. फलाटावरची माणसं उठून उभी राहिली. चहाच्या टपरीवरून कुणीतरी शिट्टी मारली. कंट्रोलर खिडकीतून वाकले. मागून रूपसिंगांचा आवाज आला, "काय गा कंडक्टर, गोनी दिसली का?"

"दिसली!" भीमराज मागे न बघता ओरडले आणि आणखी जोरात पळाले.

खिडकीशी पोचले तेव्हा त्यांना दम लागला होता. बोलता येणं शक्यच नव्हतं, आणि गंमत म्हणजे आता बोलायचं काही राहिलंही नव्हतं. उर्वशीचे डोळे वाहत होते आणि तोंड हसत होतं. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"जमलं बाबा तुम्हाले," ती म्हणाली. "आता मले तिकडं कोनी मागं लागलं तं मीबी पळीन. सरळ इकडंच येईन. कपाट रिकामं ठेवजा."

"ठेवतो," भीमराज कसेबसे म्हणाले. "तुह्यासाठीच हाय ते."

कंडक्टर बाईंना आता उशीर होत होता. त्यांनी दोरी ओढली. टिंग-टिंग.

डबल बेल. डबल बेलला हलायचं नाही, श्वाससुद्धा घ्यायचा नाही, असा नियम. गाडी फाटकातून बाहेर पडली, खिडकीतला हात नांदेड रोडच्या वळणापर्यंत दिसत होता, आणि भीमराज जिथे होते तिथेच उभे होते. रूपसिंग शेजारी येऊन थांबले तरी ते हलले नाहीत.